वीस म्हणजे वीस

म्हशाच्या यात्रेला लोक बैल बघायला जातात. म्हसोबाला नारळ फोडायचा, बैलबाजारात एक फेरी मारायची, घोंगडीवाल्याशी घासाघीस करायची आणि अंधाराच्या आत मुरबाडची जीप धरायची. मीही तेच करत होते. बाजाराच्या कडेला एक म्हातारा उकिडवा बसून बिडी ओढत होता. त्याच्या पायातल्या चपला बघून मी थांबले. जाड, काळ्या, टाचेमागून पट्टा घेतलेल्या. तसल्या चपला मुरबाडच्या कुठल्याही दुकानात मी पाहिलेल्या नव्हत्या.

"कुठं घेतल्या, बाबा?"

"इकत नाय भेटत. सिस्टरनी दिल्यात." असं म्हणून त्याने एक चप्पल काढून माझ्या हातात दिली. आतला थर अंगठ्याने दाबला की आत जाई, सोडला की वर येई. खालचा तळ टणक. अख्ख्या चपलेत खिळा नव्हता, सगळं चिकटवलेलं आणि शिवलेलं. मग उघड्या पायाकडे लक्ष गेलं. बोटं तीनच होती.

"शनवारी ये," तो म्हणाला, "पाय बुडवाया बसतू आमी."

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला येणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की त्याचा पाडा लागतो. नाव लिहीत नाही. सिस्टरची तेवढी एकच अट होती: पाड्याचं नाव नको, माणसांची नकोत, आमच्या मंडळाचंही नको. 'कुष्ठरोग्यांचा पाडा' अशी ओळख एकदा चिकटली की पोरींची ठरलेली लग्नं मोडतात. एक मोडलेलं लग्न त्यांनी जवळून पाहिलं आहे.

समाजमंदिराच्या ओसरीत प्लास्टिकचे टब ओळीने मांडलेले, प्रत्येकासमोर एक. कुणाचा लाल, कुणाचा निळा, एकाला घमेलं. विहिरीचं साधं पाणी. गरम चालत नाही, कारण पायाला गरम कळतच नाही. सवयीने कढत पाणी घेतलं तर सालटं निघेपर्यंत पत्ता लागत नाही. माणसं ओळीने बसली, पाय पाण्यात सोडले, आणि सिस्टरने खिडकीत ठेवलेलं गजराचं घड्याळ वीस मिनिटांवर लावलं.

सिस्टर वसईकडच्या धर्मभगिनी, साठीच्या पुढच्या, शिकून नर्स झालेल्या. सुती साडी, कमरेला खोचलेला पदर, चष्म्याला दोरी. शाळेत कडक बाई असतात तसा आवाज. सहाव्या-सातव्या मिनिटाला कुणीतरी "झाली का?" विचारतंच. उत्तर ठरलेलं: "वीस म्हणजे वीस."

सिस्टर पाय धूत नाहीत, ही तिथली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट. हात मागे बांधून त्या ओळीतून फिरतात. वीस मिनिटं झाली की प्रत्येकाने आपला पाय आपल्या मांडीवर घ्यायचा, तळव्याची भिजून पांढरी झालेली कातडी वजरीने घासायची, भेगांच्या कडा बोथट करायच्या. ज्यांची बोटं आखडून तळहाताला टेकलीत, ते दोन्ही तळहातांच्या मध्ये वजरी दाबून घासतात. एका आजीला ते काही केल्या जमत नव्हतं. वजरी सारखी निसटून टबात पडे. मला बघवेना, मी उचलून द्यायला पुढे झाले.

"राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही आज द्याल. उद्या घरी कोण देणार?"

आजीने वजरी स्वतः काढली. बराच वेळ लागला. मी मात्र तेवढ्या वेळात सिस्टरवर मनातून चिडून घेतलं.

नंतर चहा पिताना त्यांनी मला हिशेब सांगितला. "पाय मी धुतले तर आठवड्यातून एकदा धुतले जातील. तिने धुतले तर रोज. जखम काही शनिवारची वाट बघत नाही."

यामागचं कारण साधं आहे, पण ते समजायला जगाला फार वेळ लागला. कुष्ठरोगाचे जंतू बोटं खात नाहीत. ते मज्जातंतू मारतात. मग त्या भागाला दुखणं कळत नाही, घामही येत नाही. घाम नाही म्हणून कातडी कोरडी पडते, कोरडी म्हणून भेगाळते, भेगेत माती जाते. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायाने चालत राहतो. चुलीवरचं भांडं नुसत्या हाताने उतरवतो. रात्री उंदीर टाच कुरतडतो, ते सकाळी कळतं. बोटं जातात ती या जखमांनी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी हे रुग्णांच्या हातापायांवरून ताडून पाहिलं आणि लावून धरलं. स्वतः मिशनऱ्यांचा मुलगा असलेल्या या सर्जनने आखडलेल्या बोटांवर स्नायुबंध वळवण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. म्हशाला मी हातात घेतलेल्या चपलेचं मऊ रबरही त्याच वेल्लोरच्या कामातून आलेलं आहे. एमसीआर म्हणतात त्याला. पाड्यावर 'एमशार'.

म्हणजे वीस मिनिटं पाण्यात ठेवून कातडीला बाहेरून ओल द्यायची, आणि ती उडायच्या आत वर खोबरेल चोळायचं. पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. बस्स, एवढंच औषध. ज्यांना उघडी जखम आहे त्यांचं वेगळं चालतं: पलीकडच्या खोलीत हातमोजे, मलमपट्टी, आणि चालायचं नाही अशी सक्त ताकीद. ती ताकीद पाळणं कुणालाच परवडत नाही.

त्या खोलीचा वास मी विसरलेले नाही. जखमेच्या पुवाचा कुबट गोडसर वास आणि त्यावर डेटॉल. बाहेरच्या ओसरीत तो खोबरेलात बुडून जातो. आत नाही जात. खोलीत एक तरुण बाई होती, तळव्याला चवड्याखाली रुपयाएवढी खोल जखम. भाताच्या आवणीला चिखलात उभी राहिली होती. चिखलात पाऊल भिजत राहतं, खालचा दगड कळत नाही, आणि आवणी तर पाऊस लागला की थांबवून ठेवता येत नाही. "औंदा आवनीला जाऊ नको," सिस्टर म्हणाल्या. ती हसली. त्यांनाही ठाऊक होतं ती जाणार. त्यांनी जरा जाड पट्टी बांधली आणि वरून प्लास्टिकची पिशवी कशी गुंडाळायची ते दाखवलं.

चर्चने कुष्ठरोग्यांना हात दिला याचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालं आहे, आणि ते खोटं नाही. वेलस्ली बेली या आयरिश माणसाने १८७४ मध्ये सुरू केलेलं लेप्रसी मिशन आजही काम करतं. मिरजेचं रिचर्डसन आणि अचलपूरजवळचं कोठारा ही त्यानेच चालवलेली रुग्णालयं. पण जुन्या आश्रमांचा दुसरा भागही सांगायला हवा. तिथे बाया आणि पुरुष वेगळे ठेवत. निरोगी मुलं आईबापांपासून काढून दुसरीकडे वाढवत. रोज प्रार्थना होई, आणि ज्याला जायला दुसरी जागा नाही त्याने तिला बसायचं की नाही हे काही त्याच्या मर्जीवर नसे. सरकार याहून मऊ होतं असं नाही. मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये बेघर महारोग्यांसाठी आश्रम निघाला, त्यात त्यांच्या सोयीइतकीच त्यांना रस्त्यावरून हलवण्याची घाई होती. १८९८ चा लेपर्स ॲक्ट तर पोलिसाला पकडायचाच अधिकार देई. तो कायद्याच्या पुस्तकातून गेला २०१६ मध्ये. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येत असे. हिंदूंच्या कायद्यात तसं होतं आणि ख्रिस्ती लोकांच्याही. ते २०१९ मध्ये निघालं. शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूचं नाव घेणाऱ्यांच्या कायद्यातही ते होतं!

पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी मी वसईला पाहिला आहे. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. बारा पुरुषच असत. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या बालसुधारगृहात जाऊन मुलींचे आणि मुसलमान कैद्यांचेही पाय धुतले, आणि २०१६ मध्ये बायकांना रीतसर मुभा दिली. मी हे सिस्टरकडे काढलं, तर त्या मिश्कील हसल्या. "तिथे बारा जण घरून पाय धुऊन, नखं कापून येतात."

मुंबईच्या एका चर्चची मंडळी सिस्टरला खोबरेल, टब आणि पट्ट्यांसाठी जुन्या सुती चादरी पाठवतात. इस्टरच्या आधीच्या उपवासकाळात कधी त्यातली काही स्वतः येतात आणि रुग्णांचे पाय धुऊ द्या म्हणतात, फोटोही काढायचे असतात. सिस्टर त्यांना बादल्या देतात. विहिरीवरून पाणी आणून टब भरायचे, नंतर घासून ठेवायचे. "ती सेवा इथे कमी पडते," त्या म्हणतात. मला हे त्यांचं सर्वांत आवडलेलं वाक्य.

पाणी मात्र खरंच कमी पडतं. या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे; मुंबईचे नळ त्यावर चालतात. मुरबाडची बारवी खालच्या शहरांना आणि कारखान्यांना पाजते. आणि एप्रिल-मे उजाडला की इथल्या पाड्यांवर टँकरची वाट. तेव्हा टबात पाणी घोटा बुडेल इतकंच, ते नंतर शेवग्याच्या मुळाशी ओततात. वीस मिनिटं तीच राहतात.

धर्मांतराचं विचारणं भाग होतं. या भागात तो प्रश्न कुणाच्या तरी ओठावर असतोच, आणि माझ्याही मनात होता. ओसरीच्या भिंतीवर विठ्ठल-रखुमाईचं कॅलेंडर, गणेशोत्सवातली झिरमिळी अजून लटकलेली. शनिवारी तिथे प्रार्थना झालेली मी ऐकली नाही. सिस्टरने उत्तर दिलं नाही, शेजारच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. तो म्हशाचाच माझा म्हातारा. "आमचा देव म्हसोबा," तो म्हणाला. "सिस्टरला ठाव हाये. त्या नारलाचा परसाद खातात." एवढ्याने सगळीकडचा प्रश्न मिटला असं मी म्हणणार नाही. या ओसरीपुरतं मला ते पटलं.

मला जास्त बोचला तो दुसराच प्रश्न: हे काम सिस्टरने का करावं? डिसेंबर २००५ मध्ये देशाने कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' गाठलं, म्हणजे दहा हजारांमागे उपचार घेणारा एकापेक्षा कमी रुग्ण. त्या हिशेबात फक्त गोळ्या चालू असलेले मोजतात. गोळ्या संपल्या की माणूस यादीतून जातो, त्याचा बधिर पाय त्याच्यापाशीच राहतो. ओसरीतले बहुतेक जण सरकारी भाषेत बरे झालेले आहेत. एमसीआरच्या चपला आणि निगा राखण्याचं सामान सरकारी कार्यक्रमातही आहे, आशाताई चट्टे शोधत पाड्यावर फिरतात, हेही तितकंच खरं. पण दर आठवड्याला वीस मिनिटं समोर उभं राहणारं माणूस कुठल्याही योजनेत बसवलेलं नाही.

आणि नवे रुग्ण थांबलेले नाहीत. देशात अजून दरवर्षी लाखभर सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त. इथे त्यात वीटभट्टीची भर. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे भट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जास्त चट्टे असलेल्याचा उपचार बारा महिन्यांचा. औषधाचं पाकीट २८ दिवसांचं. मधल्या सहा-सात महिन्यांत पाकिटं कोण पोचवणार? त्यात एका गोळीने लघवी लाल होते, दुसरीने अंग काळवंडतं. कुणी आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून गोळ्या भट्टीतच टाकून देतो. सिस्टरच्या वहीत भट्टीमालकांचे फोन नंबर आहेत. त्या थेट त्यांना फोन लावतात, आणि त्या आवाजापुढे मालकही नरमतात म्हणे.

दया हा शब्द सिस्टरच्या तोंडून मी ऐकला नाही. माझ्या मते त्यांचं काम दयेच्या बरंच पुढचं आहे, आणि मुंबईहून येणाऱ्या चर्चच्या मंडळींनी टब घासता घासता ते बघून जावं. प्राथमिक आरोग्य केंद्रांनीही बघावं. एक ओसरी, टब, वजरी, खोबरेल आणि आठवड्यातली एक सकाळ, याहून जास्त खर्च त्यात नाही.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, तिथे घाम येत नसेल, आणि डोळे मिटून कापसाचा बोळा फिरवल्यावर कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. घरात कामाला येणाऱ्या बाईला, भट्टीवरच्या, बांधकामावरच्या माणसालाही हे सांगा. पहिल्याच काही दिवसांच्या गोळ्यांनी लागण पसरणं थांबतं. तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत.