मिलानच्या प्रदर्शनाला जाताना बॅगेत काय भरावे?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात दुचाकी व मोटारींचे सुटे भाग बनविणारे असंख्य लहान कारखाने आहेत. पूर्वी त्यांचा माल आकुर्डीच्या किंवा चाकणच्या मोठ्या कंपनीच्या फाटकापर्यंत जायचा आणि व्यवहार तेथेच संपायचा. आता परदेशी ग्राहकाशी थेट बोलणी करण्यासाठी लहान कारखानदारही बाहेरच्या प्रदर्शनांना जाऊ लागले आहेत. दुचाकीच्या धंद्यात यातले मोठे नाव म्हणजे इटलीतील मिलान शहरचे 'एइक्मा' प्रदर्शन. ते १९१४ साली सुरू झाले आणि नोव्हेंबर महिन्यात भरते. २०२४ मध्ये ते ५ ते १० नोव्हेंबरला, तर २०२५ मध्ये ४ ते ९ नोव्हेंबरला झाले. आपल्या रॉयल एनफिल्डने ६५० सी.सी.च्या दोन गाड्या २०१७ साली प्रथम जगाला दाखविल्या त्या येथेच.

तर मुद्दा असा की, मिलान हे नुसते यंत्रांचे शहर नाही, ते कपड्यांचेही शहर आहे. पॅरिसनंतर फॅशनसाठी ज्या शहराचे नाव निघते ते हे. पाहुणा काय घालून आला, हे तेथील माणसाच्या नजरेतून सुटत नाही. त्यात नोव्हेंबरची थंडी. आमच्याकडे दर साली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असे गिऱ्हाईक येते आणि "भाईजान, तिकडे काय घालावे?" असे विचारते. बहुतेकांनी मनाशी दोन गोष्टी ठरविलेल्या असतात: वलीम्याला शिवलेला चकाकता सूट आणि वरून एक जाडजूड फुगीर जाकीट. या दोन्ही गोष्टी घरी ठेवाव्यात असे माझे मत आहे. का, ते पुढे सांगतो.

प्रथम हवेचा विचार करू. नोव्हेंबरात मिलानला दिवसा साधारण १० ते १२ अंश आणि रात्री ४-५ अंशांपर्यंत तापमान असते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कधी कधी पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा आकडा ऐकून माणूस म्हणतो, यात काय विशेष? पण आपली थंडी कोरडी आहे आणि दुपारी कडक ऊन पडते. मिलान हे पो नदीच्या सपाट खोऱ्यात, उत्तरेला आल्प्स आणि दक्षिणेला अपेनाइन्स या डोंगररांगांच्या मध्ये आहे. वारा फारसा वाहत नाही, धुके साचते आणि पाऊसही बराच असतो. ही ओली थंडी हळूहळू हाडापर्यंत जाते. शिवाय महिन्याच्या मध्यास सूर्य पाच वाजण्याच्या आतच मावळतो. प्रदर्शनातून बाहेर पडाल तेव्हा रात्र झालेली असेल.

दुसरी बाजू अशी की हॉटेल, मेट्रो आणि प्रदर्शनाची दालने आतून तापविलेली असतात. आत गर्दी, दिव्यांची उष्णता आणि दिवसभर उभे राहणे. म्हणजे सकाळी आठला ५ अंश आणि दहाला २० अंश, असा दिवसातून अनेकदा फरक पडतो. फुगीर जाकिटाची अडचण येथेच आहे. बाहेर ते ठीक, पण आत अंगावर ठेवले तर घामाने भिजाल आणि काढले तर ते धरायला एक माणूस लागेल. म्हणून एक जाड कपडा घेण्याऐवजी तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत: आत सुती शर्ट, त्यावर पातळ लोकरी स्वेटर, त्यावर कोट, आणि रस्त्यासाठी गुडघ्यापर्यंतचा ओव्हरकोट. जसजसे आत जाल तसतसे एकेक उतरवीत जावे.

आता कापडाकडे वळू, कारण खरी फसगत येथे होते. आपल्या बाजारात 'गरम कपडा' म्हणून जे विकले जाते त्यात शुद्ध लोकर असते, टेरीवूल म्हणजे पॉलिएस्टर-लोकर मिश्रण असते, आणि नुसते पॉलिएस्टर-व्हिस्कोजही असते. तिन्हीच्या काठावर इंग्रजी सोनेरी अक्षरे सारखीच झळकतात. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. धुक्यात ती ऊब धरते आणि गरम दालनात घाम टिपते. पॉलिएस्टर जवळजवळ काहीच शोषत नाही; बाहेर गार पडते आणि आत अंगाला चिकटते. शिवाय दालनाच्या पांढऱ्या दिव्यांखाली ते चमकते. वलीम्याच्या सुटाची तीच गोष्ट. ती चमक मंडपात शोभते. सकाळी दहाच्या धंद्याच्या भेटीत ती परकी दिसते.

पारख सोपी आहे. कापडाचा कोपरा मुठीत दहा-पंधरा सेकंद घट्ट दाबून सोडावा. चांगली वर्स्टेड लोकर लगेच उघडते आणि चुण्या थोड्याच वेळात जातात. खात्री करायची तर काठाचे दोन धागे काढून जाळून पाहावेत. लोकर केस जळाल्याचा वास देते आणि तिची राख बोटांनी चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्रणात दोन्ही खुणा दिसतात. दुकानदाराने हरकत घेतली तर दुकान बदलावे.

दोन आकडे समजून घ्यावेत. पहिला वजनाचा. सुटाच्या कापडाचे वजन बहुधा एका मीटरला किती ग्रॅम असे सांगतात, पण काही ठिकाणी चौरस मीटरचे सांगतात. पन्हा ५८-६० इंच म्हणजे साधारण दीड मीटर असल्याने मीटरला ३०० ग्रॅमचे कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमच भरते. कोणता आकडा आहे ते विचारून घ्यावे. मिलानच्या नोव्हेंबरसाठी मीटरला २८० ते ३२० ग्रॅमचा सूट योग्य. आपल्याकडे उन्हाळी लग्नांसाठी जो २०० ते २४० ग्रॅमचा माल खपतो, तो तेथे अपुरा पडेल. दुसरा आकडा 'सुपर १००', 'सुपर १२०' असा असतो. लोक याला उबेचा आकडा समजतात. वास्तविक तो धाग्याच्या बारीकपणाचा आहे. सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. आकडा वाढला की कापड मऊ होते, पण लवकर चुरगळते आणि झिजते. प्रवासाला सुपर १०० किंवा ११० पुरे. १५० चे कापड बॅगेतून निघाले की इस्त्रीवाला शोधावा लागतो. आणि हा आकडा लोकरीच्या कापडासाठीच ठरविलेला आहे. पॉलिएस्टरच्या काठावर 'सुपर' छापलेले दिसले तर ती निव्वळ सजावट आहे.

मिलानपासून थोड्याच अंतरावर बिएला नावाचा लोकरी कापडाचा जुना मुलूख आहे. तेथील विटाले बार्बेरिस कानोनिको या गिरणीचा इतिहास १६६३ पासूनचा आहे. समोरचा इटालियन माणूस कापडाच्या गावाशेजारी वाढलेला असतो, हे लक्षात असावे. पण म्हणून इटालियन कापडच हवे असे मुळीच नाही. ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडसारख्या देशी गिरण्यांनी उत्तम वर्स्टेड बनविले आहे, आणि ते पिंपरी कॅम्पापासून लक्ष्मी रोडपर्यंत कोठेही मिळते. दोन कपड्यांच्या सुटाला ३ मीटरची लेंग्थ लागते. अंगाने भारी माणसाने सव्वातीन घ्यावी. जोडीला त्याच कापडाची दुसरी पॅन्ट शिवून घ्यावी, कारण कोटाच्या आधी पॅन्ट झिजते आणि ओली होते.

रंग गडद निळा किंवा कोळशासारखा करडा. काळा नको, काळ्यावर धूळ आणि धागे दिसतात. शर्ट पांढरे व फिके निळे.

शिलाईबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण आमचे कित्येक वाचक स्वतः या कामात आहेत. १९७५ साली जॉर्जिओ अरमानी यांनी मिलानमध्ये कंपनी काढली आणि पुरुषांच्या कोटातले कडक बकरम, खांद्यातली भरणी आणि जड अस्तर कमी करून अंगाबरोबर वळणारा मऊ कोट लोकप्रिय केला. अरमानी २०२५ च्या सप्टेंबरात वारले, पण तेथील पुरुषांच्या अंगावर तोच सैल, मऊ खांदा अजून दिसतो. आपले बहुतेक कारागीर गरम इस्त्रीने बकरम चिकटवितात, त्याने छाती पुठ्ठ्यासारखी उभी राहते. कारागिराला सांगून छातीत टाक्याने बसविलेला कॅनव्हास घालून घ्यावा आणि खांद्याची गादी पातळ ठेवावी. बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. पॅन्ट बुटावर गोळा होऊ नये. आपल्याकडे ती एक-दीड इंच लांब ठेवण्याची सवय आहे आणि ओल्या रस्त्यावर तीच आधी खराब होते. उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना आत चेन लावलेला चोरखिसा करून घ्यावा. मिलानच्या मेट्रोत व मोठ्या स्टेशनवर खिसेकापू आहेत आणि तुमच्याजवळ पासपोर्ट असेल. हे सर्व काम दोन ट्रायलचे आहे. दिवाळीच्या तोंडावर टेलर हातात सापडत नाही, तेव्हा कापड सप्टेंबरच्या आरंभी टाकावे.

बूट चामड्याचेच, पण तळ रबराचा. मिलानचे जुने रस्ते दगडी आहेत, त्यात ट्रामचे रूळ, वर पाऊस. चामडी तळ घसरतो. प्रदर्शनात रोज कित्येक किलोमीटर चालणे होते, म्हणून नवे बूट निदान तीन आठवडे भोसरी-चाकणच्या फेऱ्यांत वापरून मऊ करावेत. मोजे लोकरीचे. नमाजी माणसाने चामडी मोज्यांचा एक जोड अवश्य ठेवावा. प्रवाशाला त्यावर तीन दिवस व तीन रात्री मसह करता येतो, आणि गार पाण्यात पुन्हा पुन्हा पाय धुण्याचा, ओल्या पायाने बुटात जाण्याचा त्रास वाचतो. पॅन्ट शिवताना गुडघ्यात व बैठकीत थोडी मोकळीक ठेवावी; सजद्यात शिवण उसवणार नाही आणि लांब बसून बोलणी करतानाही आराम राहील.

बरोबर घरातील किंवा धंद्यातील भगिनी जाणार असतील तर त्यांनी ओव्हरकोट कुर्त्यापेक्षा लांब घ्यावा. खाली डोकावणारा घेर पावसात भिजतो आणि दिवसभर सुकत नाही. डोक्याला जॉर्जेट घसरते व ऊब देत नाही. पातळ लोकरी स्कार्फ दोन्ही कामे करतो आणि तेथील स्त्रियांच्याही गळ्यात तो असतोच. साडी न्यायची तर एखाद्या संध्याकाळच्या जेवणापुरती.

एक इशारा. आपल्या बाजारात मोठ्या नावांचे नकली लेबल लावलेली जाकिटे, पट्टे व पाकिटे सहज मिळतात. ती घालून मिलानला जाऊ नये. ज्या शहरात तो माल जन्मला तेथे नकली शिलाई दहा पावलांवरून ओळखतात, आणि ज्याला तुम्ही अचूक मापाचा सुटा भाग विकायला गेला आहात त्याच्यासमोर छातीवर खोटे नाव मिरविणे धंद्याला परवडणारे नाही. तेथील फुटपाथवर बॅगा विकणाऱ्यांकडूनही काही घेऊ नये. इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड आहे आणि तो ७,००० युरोपर्यंत जाऊ शकतो.

आठवड्याभरासाठी एवढे पुरते: एक सूट व जादा पॅन्ट, पाच शर्ट, 'व्ही' गळ्याचे एक पातळ स्वेटर, ओव्हरकोट, मफलर, आतून घालायचा एक गरम जोड, सहा जोड मोजे, एक जोड बूट, घडीची छत्री आणि हॉटेलात घालायला एक कुर्ता-पायजमा. ओव्हरकोट व बूट या सर्वांत जड वस्तू. त्या विमानात अंगावरच न्याव्यात. सूट आणि दोन शर्ट हातातल्या बॅगेत ठेवावेत, सामानात टाकू नयेत. मोठी बॅग वाटेत राहिली तर सहा दिवसांतला एक दिवस ट्रॅकसूटमध्ये जातो, आणि प्रदर्शनाचे पहिले दोन दिवसच व्यापारी व पत्रकारांसाठी राखलेले असतात. कोट घडी करताना एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवावा, मध्ये एक शर्ट गुंडाळून ठेवावा. पोहोचल्यावर न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत टांगला की चुण्या उतरतात.

हे सर्व नोव्हेंबरचे झाले. जूनमध्ये जाणाऱ्याने हा हिशेब विसरावा. कापड यंत्रांचे 'इट्मा' प्रदर्शन २०२३ साली मिलानला ८ ते १४ जून या काळात झाले, आणि त्या दिवसांत तेथे दमट उकाडा असतो. तेव्हा बिनअस्तराचा सुती किंवा तागाचा कोट बरा.

परत आल्यावर कोट तसाच कपाटात टांगू नये. कसर लोकरीला लागते आणि घामाचे व अन्नाचे डाग तिला आधी ओढून घेतात. मऊ ब्रशने झाडून, एकदा ड्रायक्लीन करून, दोन दिवस सावलीत वारा लागू द्यावा आणि मग सुती पिशवीत डांबरगोळ्या घालून ठेवावा. प्लॅस्टिकची पिशवी आपल्या पावसाळ्यात आतून घाम धरते.