कागद वाचता आला, पण समजला काय?

गेल्या हिवाळ्यात आम्ही गावची मंडळी जीप करून देवासला चामुंडामातेच्या दर्शनाला गेलो होतो. माझ्या चुलत बहिणीचे सासर तिथलेच. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन राजे होते. दरबारचे कागद मोडीत लिहिले जात. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आली. तिथल्या मराठी घरांत आजही आरती मराठीत होते, कोर्टाचा कागद मात्र हिंदीत येतो.

परतताना आग्रा-मुंबई रस्त्यावर धार जिल्ह्यात आमच्या जीपचा एका मोटारसायकलला धक्का लागला. कोणाला इजा झाली नाही, फक्त तिचा दिवा फुटला. एका चौकीत ड्रायव्हरपुढे सहीसाठी कागद आला. त्यावर मथळा होता, ‘राजीनामा’. पोरगा घाबरला. म्हणाला, "गुरुजी, एवढ्यासाठी नोकरी सोडायची काय?"

आमचे दाजी महेश्वरपर्यंत सोबत येत होते. पूर्वी ते कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देत. ते म्हणाले, "अरे, इकडं राजीनामा म्हणजे आपसातली तडजोड." मग त्यांनी खालचा मजकूर वाचला. सगळी चूक ड्रायव्हरची आणि समोरचा मागेल ती भरपाई कबूल, असे त्यात होते! दाजींनी ती ओळ खोडायला लावली, भरपाईचा आकडा लिहून घेतला आणि मगच सही करू दिली.

बांधवांनो, यातला धोका ओळखा. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आणि कोर्टातली ‘पेशी’ म्हणजे आपली तारीख. लिपी एकच असल्याने वाचता येते, आणि वाचता आले की समजले असे वाटते. आपल्याकडे कागद कानडीत येतो. अक्षरच कळत नाही, म्हणून माणूस निदान चार जणांना विचारतो तरी.

आता कायद्याचे पाहू. हेल्मेट, सीटबेल्ट अशा चुकांचे प्रकरण दंड भरून मिटवता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये तशी सोय आहे. चूक मान्य नसेल तर कोर्टात आपली बाजू मांडता येते. दारू पिऊन गाडी चालवणे मात्र असे मिटत नाही. त्याला कोर्टच, आणि पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. बेदरकार गाडी चालवून कोणाचा जीव गेला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे वकील हवाच. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतील आरोपी आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आणि भाषेचे काय? तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नाही, असे कायदाच सांगतो. अटक झाली तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. मुंबईत वरळीला २०२४ मध्ये झालेल्या मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल दिला, की अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत, आणि तीही त्या माणसाला समजेल अशा भाषेत. पुढे खटल्यात साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत झाली आणि तो हजर असला, तर ती त्याच्या भाषेत भर कोर्टात समजावून सांगावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१४ तसे सांगते.

कोर्टाची भाषा कोणती हे राज्य सरकार ठरवते. पण आपल्यावर काय आरोप आहे, हे आपल्या भाषेत समजून घेणे हा आपला हक्क आहे. तो मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. आमचा ड्रायव्हर बारावी शिकलेला, तरी ‘समजले नाही’ म्हणायला लाजत होता. तेव्हा गाडीचे कागद ठेवता तिथेच ही गोष्टही ठेवा. समजले नाही तर तसे स्पष्ट सांगायचे, कागद मराठीत समजावून मागायचा आणि तोवर पेन उचलायचे नाही.