जीपच्या बोल्टवरचा ‘एफ’

दुसऱ्या महायुद्धातली जीप घ्यायला आलेला हौशी माणूस आधी इंजिनाकडे जात नाही. तो उकिडवा बसतो, चिंधीने एका बोल्टचं डोकं पुसतो आणि त्यावर रोमन ‘एफ’ ठोकलाय का ते बघतो. असला, तर बोल्ट फोर्डचा.

युद्धकाळात ही गाडी दोन कंपन्या बनवत होत्या. 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने 135 कंपन्यांना विचारणा केली. नमुना 49 दिवसांत हवा होता! मुदतीत तो आणून उभा केला बॅन्टम या चिमुकल्या, डबघाईला आलेल्या कंपनीने. मोठं कंत्राट मात्र दमदार इंजिनाच्या विलीजला गेलं, आणि मागणी वाढल्यावर तेच आराखडे फोर्डच्याही हाती दिले गेले. दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप काढल्या. एकीचा गिअरबॉक्स दुसरीच्या चासीत निमूट बसायला हवा होता. आघाडीवर फिटरने कंपनी विचारत बसायची नव्हती.

आज जगभरचे जीपवेडे नेमकं तेच विचारत बसलेत. रेडिएटरच्या पुढे वाकून बघायचं: चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, पत्रा दुमडून चौकोनी केलेला असेल तर फोर्ड. काहीजण तर विलीजमधले ‘एफ’वाले बोल्ट वेचून बाहेर काढतात. हा सोवळेपणा मला पटत नाही. लष्करी डेपोंत या गाड्या खोलून, हाताला येईल तो भाग लावून पुन्हा उभ्या करत. सरमिसळ झालेली जीप हीच नोकरी केलेली जीप.

गंज खरवडता खरवडता एकेक करामत समोर येते. हेडलाइटचा विंग नट हाताने सैल केला की अख्खा दिवा मागे उलटतो आणि थेट इंजिनावर उजेड पाडतो. रात्री दुरुस्ती निघाली तर टॉर्च धरायला माणूस नको. हे ज्याला सुचलं त्याने अंधारात पाना नक्कीच हरवला असणार.

चालवणं हा वेगळाच अभ्यास. स्टार्टर पायाने दाबायचा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिल्यात यायचं तर डबल क्लच: दाबा, न्यूट्रल करा, सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा दाबा. चुकलात तर गिअरबॉक्स अख्ख्या गल्लीला कळवतो. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज याच घराण्यातल्या. जुन्या जीपवर हात बसलेल्या आपल्याकडच्या ड्रायव्हरला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पेट्रोलची टाकी मात्र नवख्याला सापडत नाही. ती ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, सुमारे 57 लिटरची. पंपावर गेलं की आधी आपण उतरायचं, सीट उचलायची, मग झाकण. तोवर मागच्या रांगेतले हॉर्न वाजवायचे थांबून बघायला पुढे आलेले असतात.