मिहानच्या लेकी एम्समध्ये कोणत्या दाराने जाणार?

मिहानसाठी खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगावची शेती गेली. त्याच मिहानमध्ये आज एम्स उभे आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचे लोकार्पण झाले. आमचा साधा प्रश्न आहे. या गावांतल्या आणि नागपूरच्या वस्त्यांतल्या आमच्या लेकी तिथे जाणार त्या झाडू घेऊन, की नर्सिंग ऑफिसर म्हणून?

तिथल्या नर्सिंग ऑफिसरची निवड नॉर्सेट या देशपातळीवरील परीक्षेतून होते. त्याआधी नर्सिंगचे शिक्षण हवे. परीक्षेत सेवाभावाला गुण नाहीत. मग मुलीने सुटीत तान्ह्या बाळांची सेवा का करावी?

आम्ही म्हणतो, करावी. पण डोळे उघडे ठेवून. नाळ कापणे, बाळंतिणीचे रक्ताचे कपडे धुणे ही कामे गावगाड्याने अनेक ठिकाणी आमच्याच आयाबायांच्या माथी मारली. बाळ त्यांच्या हातांवर जन्मले, बारशाला मात्र त्या दाराबाहेर! त्या कौशल्याला ना मान मिळाला ना प्रमाणपत्र. म्हणून फुकट राबण्याचे कौतुक आम्हाला कोणी सांगू नये. बाळ सांभाळायला बोलावून भांडी घासायला लावणारी 'सेवा' तर मुळीच नको.

खरी सेवा सावित्रीबाईंनी दाखवली. 1863 मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सावित्रीबाईंनी तिथल्या बाळंतिणी आणि बाळे सांभाळली, यशवंताला दत्तक घेऊन डॉक्टर केले. 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून यशवंताच्या दवाखान्यात नेले. त्याच संसर्गाने 10 मार्चला त्या गेल्या.

शिकायला लांब जायला नको. वस्तीतली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते. आईची परवानगी घेऊन तिच्यासोबत जा. हात कसे धुतात, वजन कसे करतात, अडीच किलोच्या आतले बाळ आईच्या उघड्या छातीशी कसे धरतात, ते पाहा. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजा. आकडा 60 किंवा त्यावर गेला तर दवाखाना गाठायचा. मध चाटवणाऱ्या आजीला न दुखावता थांबवणे, ही तर वेगळीच विद्या! स्वतःला सर्दी-ताप असेल त्या दिवशी मात्र घरीच थांबा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

एखादीला चार भेटींतच कळेल की हे आपले काम नव्हे. कॉलेजची फी भरण्याआधी कळले तर बरेच! बाकीच्यांनी सकाळी आशाताईसोबत जावे आणि संध्याकाळी विहारात जीवशास्त्राचे पुस्तक उघडावे. आणि हो, जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज आताच टाका. ऐन प्रवेशाच्या वेळी त्याच कागदासाठी धावपळ होते.