स्टेअरिंगचा जोर बेताचाच ठेवा

संगणकावर मोटार-शर्यत खेळण्याचे स्टेअरिंग हा निव्वळ पोरखेळ आहे, असे समजू नये. ब्रिटनचा यान मार्डनबरो हा तरुण अशाच खेळाच्या स्पर्धेतून २०११ साली निवडला गेला आणि २०१३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत त्याच्या चमूने आपल्या गटात तिसरा क्रमांक पटकावला.

मात्र आम्ही पाहतो ते असे : मुले फोर्स फीडबॅक, म्हणजे चाक हाताला देते तो जोर, शंभर टक्क्यांवर नेतात. मनगटे दुखतात, गाडी वळणावर घसरतेच. मग महागड्या स्टेअरिंगचा हट्ट सुरू होतो. पालकांनी पगारातले पैसे काढण्यापूर्वी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

पाच किलोच्या ताणकाट्याला सहा किलो लावा की आठ, काटा शेवटालाच टेकतो. लॉजिटेक जी २९ चे चाक सुमारे २ न्यूटन-मीटर जोर देते. खेळाने त्याहून अधिक मागितला की वरचा भाग छाटला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. पुढच्या टायरांची पकड सुटू लागली की चाक हलके होते, हीच खरी सूचना. क्लिपिंगमध्ये तीच हरवते.

१) स्टेअरिंग टेबलाला घट्ट आवळा. हलणारे टेबल बारीक धक्के गिळते.

२) लॉजिटेकच्या जी हब प्रोग्राममधील सेंटरिंग स्प्रिंग बंद करा.

३) असेटो कोर्सा या खेळात पेडल-पट्ट्यांशेजारी जोराची पट्टी दिसते. ती वेगाच्या वळणावर सतत लाल राहत असेल, तर गेन थोडा थोडा उतरवा. एखाद्या मोठ्या धक्क्याला क्षणभर लाल झाली तर चालते.

४) कर्ब, रोड व स्लिप इफेक्ट आधी शून्यावर ठेवा. ते वरून घातलेले धक्के आहेत.

५) जी २९ मध्ये दातेरी चक्रे असल्याने बारीक जोर हाताला लागत नाही. त्यासाठी मिनिमम फोर्स हळूहळू वाढवा. सरळ रस्त्यावर चाक थरथरू लागले की थोडा मागे या.

अंगठे चाकाच्या कडेत अडकवू नयेत. टक्कर होताच चाक फिरते आणि बोट मुरगळते. ५ ते ८ न्यूटन-मीटरच्या डायरेक्ट ड्राइव्ह चाकांवर तर लहान मुलांना एकटे बसवूच नये.

या सर्वाला अर्धा तास पुरतो आणि खर्च काहीच नाही. एवढे करूनही मुलाची प्रगती चाकामुळेच अडते असे दिसले, तरच नव्या खरेदीचा विचार करावा.