परतीच्या पावसांतील लहान सुखें



आश्विन लागला, नवरात्राचे घट बसले, आणि तरीहि दुपारीं आभाळ भरून आलें, म्हणजे आपण शहरांतील माणसें कपाळाला आठ्या घालतों. कपडे वाळत नाहींत, बाहेर जाण्याचे बेत फसतात. परंतु या परतीच्या पावसांतहि कांहीं लहान सुखें आहेत; त्यांतील तीन आज आपणांपुढें ठेवतों.

पहिलें सुख डोळ्यांचें. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखालीं’ असे दोन भाग लोक मानतात. बुलढाणा शहर घाटावर; मलकापूर, नांदुरा खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत. राजूर घाटाच्या माथ्यावरून या दिवसांत पाहावें: एका शिवारावर पावसाचा करडा पडदा लोंबत असतो, तर शेजारचें शिवार उन्हांत चमकत असतें. आषाढांत सर्वदूर झड लागते. मग आतांच असें कां? सप्टेंबरच्या मध्यानंतर मोसमी वारे वायव्य भारतांतून माघार घेऊं लागतात व त्यांचा जोर ओसरतो. सकाळचें ऊन ओली जमीन तापवितें, बाष्पयुक्त हवा वर चढते, आणि दुपारीं जागोजागीं उंच मेघ उभे राहतात. असा एकेक मेघ थोडक्याच मुलुखापुरता असतो. थोडा वेळ गडगडून तो रिता होतो.

दुसरें सुख नाकाचें. दोन पावसांच्या मध्यें चार दिवस कडक ऊन पडलें, कीं पुढच्या सरीला मातीचा सुगंध पुन्हां येतो. जमिनींतील कांहीं सूक्ष्म जंतु जिओस्मिन नांवाचें द्रव्य तयार करतात. थेंब आपटतांच तें बारीक तुषारांबरोबर हवेंत उडतें. ऑस्ट्रेलियांतील ईझाबेल बेअर व रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं या वासाला ‘पेट्रिकोर’ असें नांव दिलें. आपण त्याला मृद्गंध म्हणतों.

तिसरें सुख कानांचें. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भांत मुली सायंकाळीं भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. शेवटीं झांकलेला डबा हलवून, आवाजावरून आंतली खिरापत ओळखावयाची. सर आली कीं अंगणांतला मेळा ओसरीवर येतो, आणि पागोळ्यांच्या आवाजांत डब्याचा आवाज ओळखणें अधिकच कठीण, म्हणून अधिकच गमतीचें होतें.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. शिक्षक असतांना एका आश्विनांत मीं वर्गाला ‘पावसाची मौज’ हा निबंध दिला. एका मुलानें दोनच वाक्यें लिहिलीं: सोयाबीन कापून रचलेली आमची सुडी भिजली, बाबा रात्रभर ताडपत्री धरून उभे होते. विषय सोडून लिहिलें म्हणून मीं त्याला गुण दिले नाहींत. विषय त्यानें सोडला नव्हता. मलाच तो पुरता कळला नव्हता. या पावसानें भिजल्या शेंगांना कोंब फुटतात, उमललेल्या बोंडांतला कापूस काळवंडतो. आणि हाच पाऊस काळ्या जमिनींत मुरून हरभऱ्याच्या पेरणीला ओल देतो, हेंहि तितकेंच खरें.

म्हणून सरीचें सुख अवश्य घ्यावें, मुलांनाहि द्यावें. मात्र दूरचा तो करडा पडदा दाखवितांना, तो कोणाच्या शेतावर उतरला आहे, हेंहि त्यांना सांगावें. आणि दुसऱ्या दिवशीं बाजारांत भाजी घेतांना समोरच्या शेतकऱ्याला, “दादा, सुडी झांकली होती ना?” एवढें तरी विचारावें.