ऑफ-रोड गाडीला हायड्रॉलिक असिस्ट स्टिअरिंग: कसं चालतं, कुणाला लागतं आणि धोका कुठे असतो?

असा रील तुमच्याही मोबाइलवर आला असेल: दगडांत अडकलेली जीप, ट्रॅक्टरसारखे मोठे टायर, आणि ड्रायव्हर आरामात एका हाताने स्टिअरिंग फिरवतोय. मी नवी मुंबईत राहतो. आमच्या ग्रुपमध्ये जुन्या जीपवाले बरेच आहेत, त्यामुळे असा रील आला की चार जणांचा एकच प्रश्न येतो, "भाऊ, हे आपल्या गाडीला बसेल का?"

बसेल की नाही, ते गाडीवर आहे. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. हा अपग्रेड स्टिअरिंगचा जोर वाढवतो, मजबुती वाढवत नाही. आजचा लेख या एका वाक्यावरच आहे.

आधी साधं पॉवर स्टिअरिंग समजून घेऊ

जुन्या जीपमध्ये, म्हणजे एमएम 540 सारख्या गाडीत, स्टिअरिंग पूर्ण हाताच्या ताकदीवर चालतं. तुम्ही व्हील फिरवता, स्टिअरिंग बॉक्समधले गिअर तो जोर वाढवतात आणि रॉडमार्फत चाकं वळतात. कंपनीच्या बारीक टायरवर हे चालून जातं. पण 32 इंची रुंद टायर टाकले, हवा कमी केली आणि गाडी लाल चिखलात घातली, की दोन्ही हात लावूनही व्हील हलत नाही.

यावरचा उपाय तसा जुना आहे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने 1926 मध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग गाडीत बसवून दाखवलं. विक्रीच्या कारमध्ये ते पहिल्यांदा आलं 1951 मध्ये, क्रायस्लर इंपीरियलमध्ये. तत्त्व आजही तेच आहे. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो आणि तेलाला दाब देतो. तुम्ही व्हील ज्या बाजूला वळवाल त्या बाजूचा मार्ग एक व्हॉल्व्ह उघडतो, आणि ते तेल स्टिअरिंग बॉक्समधल्या पिस्टनला ढकलतं. हात फक्त दिशा सांगतो, मेहनत तेल करतं.

मग हायड्रॉलिक असिस्ट म्हणजे वेगळं काय?

यात स्टिअरिंग बॉक्समधलंच दाबाचं तेल दोन पाइपांनी बाहेर काढतात आणि एका जादा सिलिंडरला देतात. या सिलिंडरला गॅरेजमध्ये "रॅम" म्हणतात. रॅमचं एक टोक अ‍ॅक्सलला आणि दुसरं टाय रॉडला जोडलेलं असतं. व्हील वळवलं की बॉक्स त्याचं काम करतो आणि रॅम टाय रॉडला थेट ढकलतो.

किती जोराने? छोटं गणित करू. समजा सिलिंडरचा आतला व्यास 40 मिलिमीटर आणि रॉड 20 मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी बाहेर येणारा. मग तेल ज्यावर दाबतं ते क्षेत्रफळ साधारण 9.4 चौरस सेंटिमीटर होतं. तेलाचा दाब 80 बार धरा. कारच्या टायरमध्ये जेमतेम 2 बार हवा असते, म्हणजे हा दाब त्याच्या चाळीस पट. उत्तर येतं सुमारे 750 किलोचा जोर! एका बारीकशा सिलिंडरमधून.

याचा आणखी एक फायदा आहे. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटका मारतं, त्यात अंगठा मोडू शकतो. म्हणूनच जुने ड्रायव्हर अंगठा व्हीलच्या आत घालू नको म्हणून सांगतात. रॅममधलं तेल हा झटका बराचसा गिळतं.

जोर वाढला की काय होतं?

आता मघाचं वाक्य आठवा. हाताने स्टिअरिंग फिरत नव्हतं तेव्हा तुम्ही थांबत होता. चाक दगडात अडकलंय हे हाताला कळत होतं. रॅमला ते कळत नाही, तो 750 किलोने ढकलतच राहतो. हा जोर टाय रॉड, बॉल जॉइंट, स्टिअरिंग आर्म आणि रॅमच्या वेल्ड केलेल्या ब्रॅकेटमधून जातो. यातली सगळ्यात कमजोर कडी आधी वाकते किंवा तुटते. आणि ती नेमकी दगडातच तुटेल असं नाही. दगडात तिला बारीक चीर जाते, आणि ती सुटते चार दिवसांनी, पाम बीच रोडवर, वेगात असताना.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा:

1. आधी झिजलेले बॉल जॉइंट, बुश, किंगपिन बदला आणि अलाइनमेंट करून घ्या. बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंग यातच हलकं होतं.
2. गाडीला पॉवर स्टिअरिंग नसेल तर आधी चांगल्या स्थितीतला पॉवर बॉक्स आणि पंप. बहुतेकांचं काम इथेच भागतं.
3. टायर फारच मोठे असतील आणि गाडी खरोखर दगडांत चालवत असाल, तरच रॅम. तोही जाड टाय रॉड घातल्यानंतर.

पंप, तेल आणि गरमी

रॅम लावला पण पंप जुनाच ठेवला, तर स्टिअरिंग मध्येच जड होतं. का? मघाच्या सिलिंडरचा स्ट्रोक 20 सेंटिमीटर धरा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला जवळपास 190 मिलिलीटर तेल लागतं. हे दोन सेकंदांत हवं असेल तर मिनिटाला साडेपाच लिटरहून जास्त तेल, तेही बॉक्सच्या गरजेशिवाय वेगळं. आणि दगडांत गाडी असते आयडलवर, पंप हळू फिरत असतो.

दुसरा मुद्दा गरमीचा. व्हील पूर्ण वळवून धरून ठेवलं की तेलाला जायला जागा नसते, ते रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरत राहतं. 80 बार आणि मिनिटाला 6 लिटर तेल म्हणजे 800 वॉट उष्णता, घरातल्या इस्त्रीएवढी! म्हणून तेलाला छोटा कूलर लागतो, आणि व्हील टोकाला धरून ठेवायची सवय सोडावी लागते.

पाइप साधा रबरी आणि वर क्लिप लावलेला अजिबात नको. दाबाच्या बाजूला तारेची जाळी असलेला, मशिनने क्रिम्प केलेला होजच हवा. नवी मुंबईत ट्रक आणि जेसीबीची कामं भरपूर, त्यामुळे हायड्रॉलिक होज करून देणारे शोधायला लांब जावं लागत नाही. होजची लांबी मात्र अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबत असताना मोजा. आणि गळती बोटाने कधीच शोधू नका. बारीक छिद्रातून उडणारं तेल कातडी फोडून आत जातं, आणि ती गंभीर जखम असते. पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

कुठल्या गाडीला बसतं?

पुढे सॉलिड अ‍ॅक्सल असलेल्या जुन्या जीपला ही पद्धत सोयीची, कारण अ‍ॅक्सल आणि टाय रॉड एकत्र वरखाली होतात. 2020 मध्ये आलेल्या तीन दारांच्या थारमध्ये पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिकच आहे, पण पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, त्यामुळे रॅम असा सरळ जोडता येत नाही. जिम्नीला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, पण स्टिअरिंग इलेक्ट्रिक. थार रॉक्सचंही इलेक्ट्रिकच. जिथे दाबाचं तेलच नाही, तिथे रॅमला द्यायचं काय?

"फुल हायड्रो" हा प्रकार यापेक्षा वेगळा. त्यात व्हील आणि चाकांमध्ये रॉडच नसतो, फक्त तेलाचे पाइप असतात. ट्रॅक्टर, फोर्कलिफ्ट आणि स्पर्धेच्या गाड्यांत ते चालतं. रस्त्यावरच्या गाडीत पाइप फुटला तर स्टिअरिंगच गेलं. असिस्टमध्ये पाइप फुटला तर व्हील जड होतं, पण गाडी वळते. हा फरक जीव वाचवणारा आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून एमएच 43 असो की एमएच 46, काम सुरू करण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर "मिस्त्री म्हणाला चालतं" हे उत्तर कुणी ऐकत नाही.

आज घरीच करा ही तपासणी

खर्च शून्य. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. मोबाइलचा टॉर्च आणि स्लो मोशन चालू करून तो पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, टाय रॉडच्या टोकाकडे तोंड करून ठेवा. तुम्ही स्वतः गाडीखाली जाऊ नका. पॉवर स्टिअरिंग असेल तर आता इंजिन चालू करा. मित्राला व्हील थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा. मग व्हिडिओ बघा. रॉड हलतोय पण चाक मागाहून हलतंय? म्हणजे जॉइंट गेलाय. व्हीलवरचा मोकळा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा असा नियमच आहे. घड्याळात बारापासून एकपर्यंत जेवढं अंतर, तेवढे 30 अंश.

व्हिडिओत जॉइंट सैल दिसला, तर रॅमचे पैसे आधी तिथे घाला.